फुलीच्या टाक्याची पहिली सामग्री
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



प्राथमिक शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सुईदोरा हाती घेण्याची प्रथा जुनी आहे. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका हे टाके अनेक शाळांतून शिकविले जातात. फुलीचा टाका, म्हणजे बाजारात ज्याला ‘क्रॉस स्टिच’ म्हणतात तो, या सर्वांत समजण्यास सोपा. एक तिरपा टाका घालावा, त्यावर दुसरा उलट दिशेने तिरपा टाका घालावा, की फुली तयार होते. अंकगणिताच्या वहीत चुकीच्या उत्तरावर मारलेली फुली ज्याने पाहिली आहे, त्याला या टाक्याचे रूप निराळे समजावून सांगावे लागत नाही. असे असूनही हा टाका शिकविण्याचा प्रयत्न पुष्कळ शाळांतून अर्ध्यावर सुटतो, आणि त्याचे खापर बहुधा विद्यार्थ्याच्या हातावर फोडले जाते. वस्तुतः दोष हाताचा नसतो. हातात दिलेल्या सामग्रीचा असतो.

एका द्विशिक्षकी शाळेतील इयत्ता चौथीच्या एका विद्यार्थ्याची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. वर्गातील प्रत्येकाने घरून कापड व सुईदोरा आणावा, अशी सूचना देण्यात आली. या मुलाने आईच्या पोलक्याचे उरलेले पॉपलिनचे कापड, वडिलांच्या सदऱ्याची बटणे लावावयाची बारीक सुई आणि यात्रेत विकत घेतलेला कृत्रिम रेशमाचा चकचकीत दोरा आणला. पॉपलिनची वीण इतकी दाट की तिच्यात मोजण्यासारखे एकही छिद्र दिसेना. सुई बोटात रुतली, दोरा निसटला व गुंतला, फुल्या लहानमोठ्या झाल्या आणि कापडावर रक्ताचा डाग पडला. त्याच्या नोंदपत्रकात ‘हस्तकौशल्य असमाधानकारक’ अशी नोंद झाली. पुढे ज्या वारी हा तास असे, त्या वारी तो मुलगा शाळेत येईनासा झाला.

हाच मुलगा घरी बैलांची दावी वळीत असे आणि धान्याच्या गोणीचे तोंड सुबकपणे शिवीत असे. दुसऱ्या वर्षी शाळेत आलेल्या शिक्षिकेने ही गोष्ट पाहिली. तिने त्याला मॅटीच्या कापडाचा वीतभर तुकडा, बोथट टोकाची सुई आणि तीन पदरी सुती धागा दिला. दोन आठवड्यांत त्याने एका ओळीत बसविलेल्या फुल्यांची सरळ, एकसारखी किनार पुरी केली. हात तोच होता. बदलली ती केवळ तीन वस्तूंची निवड. या तीन वस्तू कोणत्या, त्या कशा पारखाव्या, आणि त्यांच्या जोडीला थोडकी साधने कोणती लागतात, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

कापड

तिन्ही वस्तूंत कापडाचे स्थान पहिले. फुलीचा टाका हा मोजून घालावयाचा टाका आहे. त्यासाठी कापडावर नक्षी छापावी लागत नाही की गिरवावी लागत नाही. कापडाची वीण हीच त्याची पाटी. यास्तव ज्या कापडाचे उभे-आडवे धागे डोळ्यांना दिसतात व बोटांना मोजता येतात, तेच कापड नवशिक्याला योग्य.

कापड पारखण्याची कृती अगदी सोपी आहे. दुकानात जाताना शिक्षकाने पट्टी व दोन टाचण्या बरोबर न्याव्यात. कापडावर पट्टी ठेवून एका इंचाच्या दोन टोकांना टाचण्या टोचाव्यात आणि मधली घरे मोजावीत. प्रथम ताण्याच्या दिशेने मोजावे, मग बाण्याच्या दिशेने. दोन्हीकडची संख्या सारखी आली पाहिजे. उभ्या दिशेने इंचात १४ घरे आणि आडव्या दिशेने ११ घरे असतील, तर कागदावर चौरस असलेली नक्षी कापडावर लांबट होईल. गोल चंद्राची काकडी होईल. मुलाने मोजणी बिनचूक केली असूनही चित्र बिघडेल आणि आपले कोठे चुकले हे त्याला कधीच कळणार नाही. हातमागाचे काही कापड दिसण्यास जाडेभरडे व सोयीचे वाटते, परंतु त्याची वीण ठिकठिकाणी सैल-घट्ट असते. म्हणून एकाच जागी मोजून थांबू नये. कापडाच्या दोनतीन भागांत मोजावे.

खास या कामासाठी विणलेले एक कापड मोठ्या गावांतील भरतकामाच्या दुकानांत ‘आयडा’ या नावाने मिळते. त्यात धाग्यांचे पुंजके करून चौकोनी घरे पाडलेली असतात आणि प्रत्येक घराच्या चार कोपऱ्यांवर चार स्पष्ट छिद्रे असतात. एका इंचात किती घरे बसतात, त्यावरून त्याचा क्रमांक ठरतो. ११ क्रमांकाच्या कापडात इंचात ११ घरे, १४ क्रमांकाच्या कापडात १४ घरे. अर्थात क्रमांक जसा वाढतो, तसे घर लहान होत जाते. दुकानदार बहुधा १४ क्रमांकाचे कापड पुढे करतो, कारण प्रौढांमध्ये तेच अधिक खपते. इयत्ता तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ११ क्रमांकाचे कापड अधिक बरे. सहावीनंतर १४ क्रमांक हाती द्यावा. १८ क्रमांकाचे कापड प्राथमिक शाळेने घेऊ नये.

या गणिताचा वर्गातही उपयोग होतो. एक नक्षी ४२ घरे रुंद आणि २८ घरे उंच आहे असे समजा. १४ क्रमांकाच्या कापडावर ती ३ इंच रुंद व २ इंच उंच होईल. इंचात ७ घरे असलेल्या जाड कापडावर तीच नक्षी ६ इंच रुंद व ४ इंच उंच होईल. घरांची संख्या तीच. कापड बदलले की लांबी-रुंदी बदलते. भागाकाराचे हे उदाहरण मुलाच्या मांडीवर पडलेले असते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, तेव्हा उद्योग आणि इतर विषय यांचा सांधा जुळविण्यावर भर होता. हा सांधा येथे ओढूनताणून जुळवावा लागत नाही.

आयडा कापड जवळच्या बाजारात नसेल तर अडून बसण्याचे कारण नाही. मॅटीचे कापड, ज्यात धागे जोडीजोडीने विणलेले असतात, ते या कामास चांगले चालते. मात्र वर सांगितलेली मोजणी त्यालाही लावावी. जाड दुसुतीचे कापडही, वीण सारखी असल्यास, उपयोगी पडते. इयत्ता पहिली-दुसरीच्या मुलांना तर कापडही देऊ नये. जुन्या वहीचा पुठ्ठा घ्यावा, त्यावर चौकटीचा कागद चिकटवावा, शिक्षकाने स्वतः सुमारे एक सेंटीमीटर अंतराने छिद्रे पाडावीत आणि मुलांनी त्यांतून लोकर ओवून फुल्या कराव्यात. त्यापुढची पायरी म्हणजे धुऊन वाळविलेल्या गोणपाटाचा तुकडा. गोणपाटाचे धागे जाड असल्याने मोजणे सोपे जाते.

लहान चौकडीचे छापील नव्हे, तर विणलेले सुती कापडही काही ठिकाणी वापरतात. प्रत्येक चौकोनात एक फुली घातली की सुंदर किनार उठते. परंतु त्या कापडाला छिद्रे नसतात, म्हणून त्याला टोकदार सुई लागते. ते वरच्या वर्गांसाठी राखून ठेवावे.

कापड आणल्यावर दोन कामे वर्गाच्या आधी उरकावीत. पहिले, खळ असलेले मॅटी, दुसुती यांसारखे साधे सुती कापड एकदा धुऊन वाळवावे. अन्यथा काम पुरे झाल्यावर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि फुल्या आवळल्या जातात. आयडा कापडाची खळ मात्र काम होईपर्यंत राहू द्यावी, कारण त्या ताठपणाने लहान हातांना आधार मिळतो. दुसरे, कापलेल्या तुकड्याच्या चारही कडांना साध्या दोऱ्याने सैल वेढे घालावेत. मोजणीच्या कापडाचे धागे फार लवकर सुटतात. कड सुटत आली की कापड रोज थोडे लहान होते.

सुई

मोजणीच्या भरतकामाला टोकदार सुई लागत नाही, ही गोष्ट अनेक घरांतून माहीत नसते. कापडात छिद्र आधीच आहे. सुईने ते पाडावयाचे नाही, शोधावयाचे आहे. टोकदार सुई छिद्र सोडून शेजारच्या धाग्यात घुसते, धागा चिरते आणि फुली कोपऱ्यावरून सरकते. बोथट सुई मात्र धाग्यावरून घसरून आपोआप छिद्रात उतरते. शिवाय तिने बोट रक्तबंबाळ होत नाही, त्यामुळे अंगुस्तानाचीही गरज उरत नाही.

ही सुई दुकानात ‘टॅपेस्ट्री’ सुई म्हणून मागावी. तिचे टोक गोलसर व नेढे लांबट, मोठे असते. सुईच्या क्रमांकाची रीत मात्र उलटी आहे: क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक. ११ क्रमांकाच्या कापडाला २२ क्रमांकाची सुई आणि १४ क्रमांकाच्या कापडाला २४ क्रमांकाची सुई योग्य. गोणपाट व लोकर यांसाठी १८ क्रमांकाची किंवा लोकरकामाची जाड बोथट सुई घ्यावी. गोणी शिवावयाचे दाभण घरोघरी असते आणि गोणपाटासाठी तेच आणण्याचा मोह होतो. परंतु त्याचे टोक फार घातकी. ते मुलांच्या हाती कदापि देऊ नये.

सुईत दोरा ओवताना तो तोंडात ओला करण्याची सवय मुलांना लागते. अनेकांनी एकच सुई वापरावयाची असता ही सवय आरोग्याला बरी नव्हे आणि ओलाव्याने सुईही गंजते. त्याऐवजी दोऱ्याचे टोक सुईवर दुमडून चिमटीत घट्ट धरावे, सुई काढून घ्यावी आणि तो दुमडलेला भाग नेढ्यात सरकवावा. मोठ्या नेढ्याच्या सुईत हे दोन दिवसांत साधते.

धागा

भरतकामाच्या धाग्याला सरसकट ‘रेशीम’ म्हणण्याची सवय अनेक घरांत आहे. फुलीच्या टाक्याला लागणारा नेहमीचा धागा मात्र सुती असतो. त्याच्या लडीत सहा पदर एकत्र असतात आणि लडीची लांबी बहुधा ८ मीटर असते. हे सहाही पदर एकदम वापरावयाचे नसतात. ११ क्रमांकाच्या कापडावर तीन पदर, १४ क्रमांकाच्या कापडावर दोन पदर घ्यावेत. पदर कमी पडले तर फुलीमागून कापड दिसते. जास्त झाले तर छिद्र फाकते आणि फुली गाठीसारखी दिसते.

पदर वेगळे करण्याची एक रीत आहे. तुकडा कापल्यावर एका टोकाशी पदर मोकळे करावेत, त्यांतील एकच पदर चिमटीत धरून सरळ वर ओढावा व बाकीचे दुसऱ्या हातात सैल राहू द्यावेत. असे एकेक करून तीन पदर काढावेत आणि पुन्हा एकत्र जुळवावेत. तिन्ही एकदम ओढले की गुंता झालाच म्हणून समजावे. गुंत्यात गेलेला तास परत येत नाही, आणि गुंता सोडविता न आल्याने रडकुंडीस आलेले मूल फुली शिकत नाही.

तुकडा किती लांब कापावा? जुन्या मापातील एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. प्रौढाच्या हाताने ते सुमारे ४५ सेंटीमीटर भरते. मुलाने स्वतःच्या हाताने मापावे. ते आखूड भरते आणि त्याच्यासाठी तेच योग्य असते, कारण तेवढा दोरा त्याला एका खेचीत ओढता येतो. सारखे ओवावे लागू नये म्हणून मुले लांबच लांब दोरा घेतात. तो वारंवार छिद्रांतून गेल्याने झिजतो, तुसे काढतो व गाठी मारतो.

लाल, काळा व गडद निळा हे रंग विशेष पारखून घ्यावेत. धाग्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या कपड्यात दाबावा. डाग उमटला तर तो धागा थंड पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून वाळवावा. तरीही रंग जात राहिला तर तो धागा गोणपाटाच्या कामाला ठेवावा, पांढऱ्या कापडावर घेऊ नये. महिनाभर खपून केलेला रुमाल पहिल्या धुण्यात लाल झाला, तर मुलाला दुसरा रुमाल करावासा वाटणार नाही. चकचकीत कृत्रिम रेशीम व जरीचा दोरा नवशिक्याला देऊ नये. तो घसरतो, टोकाशी विस्कटतो आणि ताण सारखा राहू देत नाही.

उरलेली साधने

बाकीची साधने थोडी आहेत आणि त्यांतली काही शाळेत आधीच असतात. कापड ताणून धरणारी गोल कडी, जिला बाजारात ‘रिंग’ म्हणतात, ती मुलांना १२ ते १५ सेंटीमीटर व्यासाची पुरते. मॅटी व दुसुतीसारख्या मऊ कापडाला ती हवी. ताठ आयडा कापडाला ती नसली तरी चालते. काम थांबले की कडी काढून ठेवावी, नाही तर कापडावर गोल वळ उमटतो. कात्री प्रत्येकाला लागत नाही. पाच मुलांत एक, बोथट टोकाची, लहान कात्री पुरेशी होते.

नक्षीसाठी पुस्तके विकत घेण्याची घाई करू नये. मुलाच्या दप्तरात चौकटीची वही असतेच. तिच्यातील एक घर म्हणजे कापडावरील एक घर. त्यात पेन्सिलीने फुल्या मारून मुलाने स्वतःची नक्षी रचावी. ज्या घरांत ठिपक्यांची रांगोळी घातली जाते, तेथील मुलांना मोजून आकृती वाढविण्याचे शिक्षण अंगणातच मिळालेले असते. पहिल्या महिन्यात सरळ किनार, मग चौकट, मग तुळशीवृंदावन किंवा कंदील यांसारख्या सरळ बाजूंच्या आकृती घ्याव्यात. त्यानंतर मुलाच्या नावाचे आद्याक्षर. प, म, भ, न यांसारखी उभ्या काण्याची अक्षरे चौकटीत सहज बसतात. ळ, इ यांसारखी वळणदार अक्षरे मागाहून घ्यावीत.

अक्षर व टाका यांची ही जोड नवी नाही. युरोपात मुलींना अक्षरे व आकडे कापडावर भरण्यास लावून नमुनापट करवून घेण्याची पद्धत दीर्घकाळ होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५९८ सालचा, जेन बॉस्टॉक हिचे नाव असलेला असा एक पट आहे व त्यावर मुळाक्षरे भरलेली आहेत. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. धारवाडकडील कशिद्यात, ज्याला तिकडे कसुती म्हणतात, चार प्रमुख टाके आहेत. त्यांपैकी ‘मेंथी’ हा फुलीचा टाका असून मेथीच्या दाण्यावरून त्याला ते नाव पडले. हा कशिदा कापडावर न गिरवता, धागे मोजून भरतात. इरकली लुगडे कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडील घरांना परके नाही. एखाद्या आजीच्या पेटीत कशिद्याचे लुगडे असेल, तर ते वर्गात एक दिवस मागून आणावे आणि मुलांना त्यावरील टाके मोजू द्यावेत. मात्र इतक्या बारीक विणीवर मोजण्यामागे कित्येक वर्षांचा सराव असतो, हेही मुलांना त्याच वेळी सांगावे, म्हणजे आपल्या जाड कापडाची त्यांना लाज वाटणार नाही.

तीस विद्यार्थ्यांच्या वर्गाचा हिशेब

सामग्री प्रत्येकाने घरून आणावी, असे सांगणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. कोणाच्या घरी चांगले कापड असते, कोणाच्या घरी नसते. आणि मग कामातील फरक गरिबीचा असूनही तो कौशल्याचा भासतो. यासाठी शाळेची एक सामाईक पेटी असावी. तीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला पहिल्या सत्रात काय लागते, ते पुढे दिले आहे.

कापड: प्रत्येकाला १५ सेंटीमीटर चौरस तुकडा. ९० सेंटीमीटर पन्ह्याच्या कापडातून एका रांगेत सहा तुकडे निघतात. पाच रांगांना ७५ सेंटीमीटर लागतात. कड सरळ करण्यात थोडे जाईल, म्हणून ११ क्रमांकाचे ८० सेंटीमीटर कापड घ्यावे. या तुकड्यावर २० घरे लांब व २० घरे रुंद नक्षी सुमारे साडेचार सेंटीमीटर जागा व्यापते आणि चारही बाजूंना पाच सेंटीमीटर मोकळे राहतात.

सुया: २२ क्रमांकाच्या ३६. सहा सुया हरवणाऱ्यांसाठी.

धागा: ११ क्रमांकाच्या कापडावर एका फुलीला, सुरुवात-शेवटाची नासधूस धरून, सुमारे दीड सेंटीमीटर दोरा लागतो. ८ मीटरच्या सहा पदरी लडीतून तीन पदरी दोरा १६ मीटर निघतो. म्हणजे एका लडीत सुमारे एक हजार फुल्या. २० गुणिले २० घरांच्या नक्षीत निम्मी घरे भरली तर २०० फुल्या होतात; तीस मुलांच्या मिळून ६,००० फुल्या, अर्थात सहा लडी. उसवणे व चुका धरून दहा लडी घ्याव्यात: लाल तीन, हिरव्या तीन, निळ्या दोन, पिवळ्या दोन. चार रंग पहिल्या सत्राला पुष्कळ झाले.

याशिवाय सहा कात्र्या, आणि मॅटी वापरणार असल्यास दहा कड्या. एवढीच खरेदी. ही यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी आणि उपलब्ध निधीतून नियमानुसार खरेदी करावी. तयार नक्षीचे, पस्तीसचाळीस छटांच्या धाग्यांचे आकर्षक संच बाजारात असतात. ते एका मुलाला एकदा पुरतात आणि त्याला विचार करण्याजोगे काही शिल्लक ठेवीत नाहीत. पहिल्या खरेदीत ते घेऊ नयेत.

पेटी आणि तिची शिस्त

पेटी पत्र्याच्या डब्याची असावी, म्हणजे उंदीर लागत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड तुकडे कापून, कडेला खाच पाडून, त्यांवर धागे गुंडाळावेत आणि लडीवरील रंगाचा क्रमांक त्यावर लिहावा. रंग संपला की तीच छटा पुन्हा मागविता येते. सुया जाड लोकरी कापडाच्या घडीत दहादहाच्या रांगांत टोचून ठेवाव्यात. ज्या भागात पावसाळा दमट असतो, तेथे ही घडी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावी.

सुया तासाच्या आरंभी मोजून द्याव्यात आणि अखेरीस मोजून घ्याव्यात. खेड्यातील शाळांत मुले सतरंजीवर बसतात व अनवाणी वावरतात. एक सुई सतरंजीत राहिली तर दुसऱ्या दिवशी ती पायात जाण्याचा संभव असतो. संख्या कमी भरली तर घंटा झाली तरी वर्ग सोडू नये. विज्ञानाच्या पेटीतील लोहचुंबक सतरंजीवरून फिरवावे. सुई तोंडात धरणे व अंगरख्यात टोचून ठेवणे, या दोन गोष्टींना पहिल्या दिवसापासून मनाई असावी. मोजणीचे काम एखाद्या विद्यार्थ्याकडे आठवड्याच्या पाळीने सोपवावे. मुले ते फार जबाबदारीने करतात.

हे काम दारा-खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात आणि सलग वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ नसावे. एखादे मूल ११ क्रमांकाच्या कापडाची छिद्रेही डोळ्यांशी अगदी जवळ धरल्याशिवाय पाहू शकत नसेल, तर त्याला निष्काळजी म्हणू नये. शाळेत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाच्या नजरेस ही गोष्ट आणून द्यावी आणि पालकांना सांगावे. फळ्यावरचे दिसत नाही हे लपविणारे मूल कापडावरचे लपवू शकत नाही. अशा रीतीने कापडाचा एक तुकडा चष्म्याची गरज दाखवून देतो, आणि त्या मुलाची वाचनातील पीछेहाटही मग उलगडते.

हा तास मुलींचा आणि त्या वेळी मुलांनी मैदान साफ करावयाचे, अशी वाटणी अद्याप काही ठिकाणी दिसते. ती सोडून द्यावी. गावातील शिंपी पुरुष असतो आणि शिवणयंत्रावर त्याचा संसार चालतो, हे मुले रोज पाहतात. मोजण्याची, धीराने पुरे करण्याची आणि चुकले तर उसवून पुन्हा घालण्याची सवय दोघांनाही सारखीच लागते. डावखुऱ्या मुलालाही हीच साधने चालतात. त्याने उलट दिशेने सुरुवात करावी. कोणत्या दिशेने सुरुवात केली याला महत्त्व नाही. सर्व फुल्यांचा वरचा टाका एकाच बाजूला झुकलेला असला म्हणजे झाले.

सामग्री हाती येताच ती तशीच वर्गात वाटू नये. शिक्षकाने त्या कापडावर, त्या सुईने, त्या धाग्याने दहा फुल्यांची एक ओळ स्वतः घालून पाहावी. कापड मोजता येते का, सुई छिद्रातून विनासायास जाते का, धागा फाटतो का, रंग जातो का, हे अर्ध्या तासात कळते. ज्याला हा टाका येत नाही, त्या शिक्षकाने मुलांबरोबर शिकण्यात कमीपणा मानू नये.

आरंभी ज्या मुलाची हकीकत सांगितली, त्याच्या नोंदपत्रकातील शेरा पुढच्या सत्रात त्या शिक्षिकेने बदलला. त्याची किनार तिने शाळेच्या भिंतीवर नाव घालून लावली. तो पुन्हा त्या वारी शाळेत येऊ लागला. सर्वच मुलांच्या बाबतीत चूक इतक्या सहज दुरुस्त होत नाही. अनेकदा ‘याचा हात चालत नाही’ हे वाक्य मुलाच्या मनात कायमचे राहते. म्हणून नोंदपत्रकात मुलाच्या हाताविषयी काही लिहिण्यापूर्वी, त्या हातात काय दिले होते, हे शिक्षकाने आधी पाहावे. मोजता येणारे कापड, बोथट सुई आणि हातभर सुती धागा एवढे मिळाले, की बाकीचे मूल स्वतः करून दाखविते.